वातायन आणि परक्याची दृष्टी

खानदेशातील वैशाखाचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांस खिडकीची किंमत निराळी सांगावयास नको. जळगावास पारा ४५ अंशांच्या आसपास गेला म्हणजे दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता ओकीत राहतात. घरात कूलर असला तरी त्याचेही एक गणित आहे. बाहेरचा वारा ओला होऊन आत यावयाचा, तर आतला दमट वारा कोठून तरी बाहेर गेला पाहिजे. समोरची खिडकी लावून घेऊन कूलर चालविला की घटकाभरात खोलीचे न्हाणीघर होते. अशा मुलखात एखाद्या सुनेस किंवा उपवर मुलीस ‘समोरून कोणी पाहतो, तर तू आपली खिडकी लावून घे’ असे सांगणे हा साधा उपदेश नव्हे. ती शिक्षा आहे. आणि ज्याने अपराध केला त्यास मोकळा सोडून, जिच्याविरुद्ध अपराध झाला तिलाच ती दिली जाते.

ह्या महिन्यात आम्हांस वाचकांशी जे बोलावयाचे आहे ते ह्याच गोष्टीविषयी. विषय काहीसा संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. परंतु परक्याच्या घरात चोरून डोकावणाऱ्या माणसाचे सारे भांडवल हा संकोचच असतो, म्हणून निदान आपल्या माणसांत तरी तो बाजूस ठेवणे प्राप्त आहे.

संस्कृतात खिडकीला दोन शब्द फार सुंदर आहेत. एक वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट. दुसरा गवाक्ष, म्हणजे बैलाच्या डोळ्यासारखे गोल भोक. वारा आत यावा आणि घरातल्या माणसाने बाहेर पाहावे, एवढीच खिडकीची कामे ह्या दोन शब्दांत आली. बाहेरच्याने आत पाहावे हे तिचे काम कोणी मानिले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हाती लागून १९०९ साली छापून निघाली. तिच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम आहेत. खिडकी उजेडापुरती, लहान व उंचावर असावी असे तेथे सांगितले आहेच. पण शेजाऱ्याच्या दारा-खिडकीसमोर त्यास उपद्रव होईल अशा रीतीने आपले दार किंवा खिडकी काढणाऱ्यास दंडही सांगितला आहे. मध्ये राजमार्ग असेल तर गोष्ट वेगळी. दंड कोणास, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्याची खिडकी उपद्रव देते त्यास. ज्याचे घर दिसते त्यास नव्हे.

सुंदरकांडातील एक प्रसंगही येथे आठवतो. सीतेच्या शोधार्थ मारुतिराय रात्री रावणाच्या अंतःपुरात शिरतात आणि तेथे निद्रिस्त स्त्रिया त्यांच्या दृष्टीस पडतात. परस्त्रियांस अशा स्थितीत पाहिल्याने आपणांकडून धर्मलोप तर घडला नाही ना, अशी शंका त्यांस येते. आपले मन अविकृत आहे आणि स्त्रीचा शोध स्त्रियांतच घ्यावा लागतो, असे समाधान करून घेऊन मगच ते पुढे जातात. ज्याच्या ब्रह्मचर्याविषयी कोणासच संशय नाही त्यालासुद्धा आपल्या दृष्टीचा जाब स्वतःस द्यावासा वाटला! त्या स्त्रियांनी दारे लावून का घेतली नाहीत, हा प्रश्न वाल्मीकींस सुचलेला नाही.

आमच्याकडील जुनी घरे ह्याच विचाराने बांधलेली असत. खानदेशातील धाब्याचे घर आता खेड्यांतूनही दुर्मीळ होत चालले आहे. जाड मातीच्या भिंती, रस्त्याच्या अंगास एक दार आणि फार तर उंचावरचा झरोका, आत चौक, आणि उजेडासाठी छतालाच ठेवलेले भोक. घराचे तोंड आत आणि पाठ रस्त्याकडे. उन्हाळ्यात सगळे गाव धाब्यावर निजे, एका धाब्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकता येई, आणि तरीही तंटे होत नसत. कारण वर चढणाऱ्याने आधी हाक द्यावी हा शिरस्ता होता. घरातल्या घरात सासरे किंवा थोरले दीर माजघरात येण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर खाकरत. ते खाकरणे घशासाठी नसे. आपण येत आहोत ही वर्दी देण्याचे कर्तव्य येणाऱ्याचे, आणि म्हणून डोळे आवरण्याचे कर्तव्यही पाहणाऱ्याचे, असा त्याचा अर्थ होता. त्या जुन्या व्यवस्थेत स्त्रियांची कोंडी पुष्कळ होती, आणि ती परत यावी असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. पण एवढी एक गोष्ट तिच्यात नीट होती.

पुढे नगररचना बदलली. खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ च्या सुमारास धुळे हे ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविली. धुळ्याच्या आखीव गल्ल्यांचे कौतुक आम्हीही करतो. पण सरळ गल्ली म्हटली की समोरासमोर घरे आली, आणि मजले चढले की समोरासमोर खिडक्या आल्या. आता देवपुरात काय किंवा जळगावच्या रिंग रोडकडे काय, चारमजली इमारतीच्या जिन्यातून शेजारच्या तीन न्हाणीघरांची झरोकेवजा तावदाने हाताच्या अंतरावर दिसतात. खाकरण्याची चाल गेली, आणि तिच्या जागी काय आले? तर ‘पडदा नीट ओढ’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा हुकूम.

पडदा ओढू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याविषयी पुढे लिहिणारच आहो. आमचे म्हणणे इतकेच की पडदा ही सोय आहे, तो कोणाचा गुन्हा पुसून टाकीत नाही. आणि कायदाही हेच म्हणतो.

शेजाऱ्याच्या नव्या खिडकीमुळे घरातील स्त्रियांचा आडोसा मोडतो अशा तक्रारी न्यायालयांपुढे दीडशे वर्षांपासून येत आहेत. गुजरातेत रूढीने असा हक्क आहे हे मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८६७ सालीच मानिले होते. अलाहाबादेस गोकलप्रसाद विरुद्ध राधो ह्या १८८८ सालच्या खटल्यात सर जॉन एज यांनी हाच हक्क वायव्य प्रांतांसाठी उचलून धरला. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात तर हे उदाहरण म्हणूनच घातले आहे: एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याचा खाजगी भाग दिसेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. मात्र रूढी आहे हे पुराव्याने शाबीत करावे लागते, आणि ते काम दिवाणी न्यायालयाचे, पोलिसांचे नव्हे.

फौजदारी बाजूस १८६० च्या दंडसंहितेचे ५०९ वे कलम होते. स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याच्या हेतूने तिच्या एकांतात घुसखोरी करणे हा त्यात गुन्हाच होता. तेव्हा ‘नुसते पाहिले, त्यात काय झाले?’ असे म्हणणाऱ्यास सांगावे की, हे १८६२ पासून ह्या देशात चालत नाही. पुढे दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील त्या भीषण प्रकारानंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने अवघ्या महिनाभरात आपला अहवाल दिला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने ३५४-क, म्हणजे इंग्रजी अक्षरानुक्रमाने ‘सी’, हे चोरून पाहण्याचे स्वतंत्र कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. तीत हेच कलम ७७ वे आणि जुने ५०९ ते ७९ वे. पाठलाग व पाळत यांसाठी ७८ वे आहे. ७७ व्या कलमाखाली पहिल्या अपराधास एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीनपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. मोबाइलवर चित्र घेतले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई हे कलमही लागू होऊ शकते.

येथे एक बारकावा आहे, आणि तो ठाण्यावर जाण्यापूर्वी माहीत असलेला बरा. ७७ वे कलम प्रत्येक टक लावून पाहण्यास लागत नाही. स्त्री स्नान, वस्त्रांतर, शौच अशा खाजगी कृत्यात असली पाहिजे आणि आपणांस कोणी पाहत नाही असे तिने सहज समजावे अशी ती जागा असली पाहिजे. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२४ साली एका खटल्यात घरासमोर उघड्यावर उभ्या असलेल्या स्त्रीची छायाचित्रे घेणे ह्या कलमात बसत नाही असे ठरविले. विनयाच्या अवमानाचे कलम मात्र विचारासाठी शिल्लक ठेवले. म्हणून समोरचा इसम स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या सुनेकडे तासन्‌तास पाहत उभा राहतो, अशी तक्रार असेल तर ७७ चा आग्रह धरून बसू नये. तेथे ७८ किंवा ७९ यांचा विचार होईल. न्हाणीघराच्या झरोक्याशी तो सापडला असेल तर ७७ निःसंशय, आणि तो आपल्या आवारात शिरला असेल तर गृहअतिक्रमणही.

आता पोलिसांविषयी. सगळे पोलीस सारखे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आमच्या ऐकण्यात आलेल्या एका प्रकारावरून ठाण्यावर काय घडते याची कल्पना येईल. खानदेशातीलच एका शहरातले मध्यम स्थितीचे कुटुंब. सून नुकती लग्न होऊन आलेली, शिक्षिकेची नोकरी करणारी. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून कोणी तरी न्हाणीघरात डोकावते असे तिच्या ध्यानात आले. तिने सासूबाईंस सांगितले. सासूबाई वाईट नव्हत्या, त्या म्हणाल्या, “दिवा मालवून आंघोळ करीत जा, आणि हे बाहेर बोलू नकोस.” त्या मुलीने सात-आठ महिने पहाटे चार वाजता काळोखात स्नान केले. एकदा ओल्या फरशीवर पाय घसरून मनगट मोडले, तेव्हा मुलाला प्रकार कळला आणि तो ठाण्यावर गेला.

ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, “तोंड पाहिले का?” दुसरा, “खिडकीला काच नव्हती का?” तिसरा प्रश्न नव्हता; सल्ला होता. “साहेब, शेजारचे लोक आहेत, आपसात मिटवा. उद्या बाईंचे नाव चारचौघांत येईल.” आणि अदखलपात्राची एक पावती देऊन त्यांस वाटेला लावले. ही पावती म्हणजे काय, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अदखलपात्र नोंद झाली की न्यायाधीशाच्या हुकुमावाचून पोलीस तपास करीत नाहीत. आणि हा गुन्हा तर दखलपात्र आहे! चुकीच्या वहीत नाव लिहिले गेले की काम थांबलेच.

त्या कुटुंबाने पुढे जे केले ते सर्वांनी करण्यासारखे आहे. घडलेला प्रकार तारीखवार, साध्या शब्दांत लिहून काढला. टाकीमागे पडलेली सिगारेटची थोटके व झरोक्याची जागा यांची छायाचित्रे घेतली. आणि तो अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे नोंदणी टपालाने पाठवून एक प्रत आवक शिक्का मारून घेऊन जवळ ठेवली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हा मार्ग स्पष्ट दिला आहे. ठाण्याने खबर नाकारली तर अधीक्षकांकडे, तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. त्याच कलमाने हेही सांगितले आहे की, अशा गुन्ह्याची खबर स्वतः स्त्री देत असेल तर ती स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, खबरीची नक्कल विनामूल्य द्यावी, आणि हद्दीचा प्रश्न काढून कोणास परत पाठवू नये. काही गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांस आता आहे. पण ‘चौकशी करतो’ म्हणणे आणि ती परवानगी घेऊन चौकशी करणे ह्या दोन गोष्टी आहेत, हे विनयाने विचारावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदणे बंधनकारक आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा ललिताकुमारी खटल्यातील निर्णय २०१३ चा आहे.

अधीक्षकांच्या कार्यालयातून आठ दिवसांत एक महिला उपनिरीक्षक घरी आल्या, आत बसून सुनेचा जबाब घेतला, वर जाऊन पंचनामा केला. डोकावणारा निघाला त्याच इमारतीतील एका सुशिक्षित घरातला विवाहित पुरुष. पहिला गुन्हा जामीनपात्र असल्याने तो त्याच सायंकाळी घरी परत आला, ही गोष्टही लपविण्यात अर्थ नाही. खटला चालेल तेव्हा चालेल. पण त्या रात्रीपासून न्हाणीघरात दिवा लागू लागला. सासूबाईंनीच तो लावला असे ऐकतो.

वजन असलेल्या माणसाची तक्रार असली की यंत्र किती झपाट्याने हलते, हे एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे दिसले. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना एका कापडदुकानात कपडे बदलण्याच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा आढळला, आणि लगोलग नोकरांची धरपकड झाली. झाले ते योग्यच. आमची अपेक्षा एवढीच की शिक्षिकेच्या अर्जासही तोच वेग यावा.

जळगावकरांस ह्या बाबतीत १९९४ साल विसरता यावयाचे नाही. त्या वर्षी उघडकीस आलेले प्रकरण डोकावण्याचे नव्हते, त्याहून फार घोर होते. मुली व स्त्रियांवर अत्याचार करून, त्यांची छायाचित्रे घेऊन, त्यांच्या धाकावर त्यांस गप्प ठेविल्याचे ते प्रकरण. मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्याकडे त्याचा तपास आला, तेव्हा सर्वांत कठीण काम ठरले ते पुढे येऊन बोलणारी स्त्री मिळणे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. न्हाणीघराच्या झरोक्याशी उभा राहणारा इसम आणि चित्राचा धाक घालणारा इसम यांत आता फक्त एका बोटाचे अंतर उरले आहे. म्हणून ‘पाहिले तर पाहिले, चर्चा नको’ हे धोरण पूर्वी भित्रेपणाचे होते. आता ते धोक्याचे झाले आहे. मुलगी काही सांगू लागली तर तिला प्रथम पुरते बोलू द्यावे, आणि ‘तू तेथे का उभी होतीस?’ हा प्रश्न आईबापांनी निदान त्या दिवशी तरी विचारू नये.

घरातल्या घरात करावयाच्या उपायांविषयी थोडे. पातळ पडदा दिवसा उपयोगी पडतो, कारण बाहेर उजेड अधिक असतो. रात्री आत दिवा लागला की तोच पडदा उलटा होतो व बाहेरच्यास आतले सारे दिसते. आपण स्वतः रात्री बाहेर उभे राहून, आत दिवा लावून, एकदा पाहून घ्यावे. न्हाणीघरास धुरकट काच लावावी, आणि काचेच्या पट्ट्यांची झडप असेल तर पट्ट्यांचा उतार असा ठेवावा की वारा जाईल पण समोरून सरळ दृष्टी शिरणार नाही. बाजारात मिळणाऱ्या, बाहेरून आरशासारख्या दिसणाऱ्या कागदावर विसंबू नये. रात्री त्याचीही गत पातळ पडद्याचीच होते. खानदेशास योग्य असा जुना उपाय म्हणजे वाळ्याचा पडदा. पाणी शिंपडले की वारा गार येतो, सुगंध येतो, आणि समोरच्यास काही दिसत नाही. कूलरच्या मागे लागून आपण तो विसरलो.

भाड्याच्या खोलीत किंवा वसतिगृहात मुलीस ठेवताना भिंतीतील नको तेथे असलेली भोके, न्हाणीघरातील अनोळखी चार्जर किंवा घड्याळ यांकडे एकदा नजर टाकावी. शेजाऱ्याने चोरांच्या भयाने लावलेला कॅमेरा आपल्या दारावर किंवा अंगणावर रोखला असेल तर आधी गोडीने सांगावे. २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या दोन पक्षांच्या तंट्यात, दुसऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या राहत्या भागावर कॅमेरे चालविता येणार नाहीत असा निकाल दिला, व सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेविला. तातडीचा प्रसंग असेल, इसम आवारातच असेल, तर ११२ हा क्रमांक लावावा. त्यास स्वतः पकडण्याच्या भरात मारहाण करू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी ठाण्यावर दोन अर्ज जातात आणि ‘आपसात मिटवा’ म्हणावयास अंमलदारास आयते निमित्त सापडते.

गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वाहनतळावरून तास दोन तास भांडण होते. गच्चीच्या किल्लीविषयी कोणी बोलत नाही. गच्चीस कुलूप असावे, किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असावे, आणि टाकी धुण्यास किंवा तारा दुरुस्त करण्यास वर जाणाऱ्याने, मग तो घरचा असो की कामकरी, जिन्यातून एक मोठी हाक देऊन जावे, असा ठराव पुढच्या सभेच्या इतिवृत्तात घालून घ्यावा.